एका ‘कमेन्समेंट’च्या कसोटीवर पाच शब्दकोश

शब्दकोशाची परीक्षा घ्यायची तर फार अवघड शब्द घेऊन उपयोग नसतो. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कुठल्याही कोशात नीट मिळतो. खरी परीक्षा होते ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दात. ‘कमेन्समेंट’ हा त्यासाठी अगदी योग्य. अर्थ विचारला तर शाळकरी मूलही ‘सुरुवात’ म्हणेल आणि ते चूक नाही. पण हाच शब्द अमेरिकेतल्या कॉलेजात शिक्षण संपल्यावर येतो, कायद्यात पहिल्याच कलमात येतो, आणि बिल्डरच्या ऑफिसात त्याचा ‘सीसी’ (कमेन्समेंट सर्टिफिकेट) होतो. तिन्ही ठिकाणी मराठीत वेगळा शब्द लागतो. एक धरून सगळीकडे तोच चिकटवला की काय होतं ते मराठी बातम्यांत दर मे-जूनमध्ये दिसतं. अमेरिकेतल्या पदवीदानातलं भाषण आपल्याकडे ‘प्रारंभ भाषण’ म्हणून छापून येतं.

म्हणून हा एक शब्द हातात धरून पाच कोश तपासले आहेत: ऑक्सफर्ड लर्नर्स, कॉलिन्स, मेरियम-वेब्स्टर, शिकागो विद्यापीठाच्या साइटवरचा मोल्सवर्थ, आणि महाराष्ट्र शासनाचा ऑनलाइन शब्दकोश. पाचही इंटरनेटवर फुकट वापरता येतात. गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर आहेत ते तिघे: इंग्रजीतून अर्ज-पत्रं लिहिणारा, मुलगा किंवा मुलगी परदेशात शिकत असलेले पालक, आणि सरकारी किंवा कायद्याचा मजकूर मराठीत आणणारा अनुवादक.

लिहिण्यासाठी: ऑक्सफर्ड लर्नर्स

रोजच्या वापराला पाचांत हा सगळ्यात उपयोगी, आणि त्याचं कारण व्याख्या नाही. व्याख्या सगळीकडे सारखीच आहे. इथे महत्त्वाची आहेत ती व्याख्येच्या आधी येणारी छोटी लेबलं. पहिल्या अर्थाला ‘फॉर्मल’ असा शिक्का आहे, दुसऱ्याला ‘नॉर्थ अमेरिकन’. शिवाय नाम मोजता येतं की नाही आणि ते सहसा एकवचनीच येतं का, तेही चौकटी कंसात सांगितलेलं असतं. बहुतेक लोक हा भाग वगळून थेट अर्थावर उडी मारतात आणि तिथेच फसतात.

‘फॉर्मल’चा अर्थ व्यवहारात असा. आर्थिक वर्ष, अभ्यासक्रम, खटला, युद्ध, बांधकाम, विम्याची जोखीम यांचं कमेन्समेंट होतं. पावसाचं, तापाचं किंवा डोकेदुखीचं होत नाही, तिथे इंग्रजीत ‘ऑनसेट’ लागतो. मान्सूनचं ऑनसेट हवामान खातं जाहीर करतं, कमेन्समेंट नाही. गाडी स्टार्ट होते, कमेन्स होत नाही. मित्राला पाठवलेल्या मेसेजमध्ये ‘पार्टी विल कमेन्स ॲट एट’ लिहिलं तर व्याकरण बरोबर असूनही वाचणारा हसतो, कारण घरच्या जेवणाला निमंत्रणपत्रिकेची भाषा आली.

आपल्याकडच्या परिपत्रकांत हमखास दिसणाऱ्या दोन चुका या कोशातल्या उदाहरणांवर नजर टाकली तरी टळतात. पहिली, ‘द प्रोग्रॅम विल बी कमेन्स्ड ॲट फाइव्ह’. इथे कर्मणी रचनेची गरज नाही, कार्यक्रम आपणहून कमेन्स होतो, ‘विल कमेन्स’ पुरे. दुसरी, ‘कमेन्सिंग फ्रॉम’. सुरू होण्याच्या क्षणाला ‘ऑन’ किंवा ‘ॲट’ लागतो. ‘फ्रॉम’ हवाच असेल तर ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ ही वेगळी रचना आहे आणि तिथे कमेन्स मध्ये आणायचं कारण नाही. मराठीतला ‘पासून’ डोक्यात असतो, म्हणून ही चूक होते.

उच्चाराचा भागही इथे चांगला आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही आवाज शेजारी मिळतात. आघात दुसऱ्या अवयवावर: क-मेन्स-मंट. आपल्याकडे पहिला अवयव ‘कॉ’ करून त्यावर जोर देतात आणि शेवटचा ‘मेंट’ असा ठसक्यात म्हणतात. दोन्ही टाळावं. स्पेलिंगमध्ये ‘एम’ सुरुवातीला दोनदा येतो, आणि ‘सी’नंतरचा ‘ई’ गाळायचा नाही. तो ‘ई’ आहे म्हणूनच ‘सी’चा उच्चार ‘स’ होतो.

उणीव एवढीच की मराठी अर्थ नाही आणि कायद्यातल्या वापराबद्दल काही नाही. विद्यार्थी-कोशाकडून ती अपेक्षाही नाही, पण अनुवादकाने एवढ्यावर भागवू नये.

कॉलिन्स आणि मेरियम-वेब्स्टर

कॉलिन्सच्या साइटवर कोबिल्ड कोश मिळतो. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला, पहिली आवृत्ती १९८७ची. त्याची खासियत अशी की व्याख्या पूर्ण वाक्यात असते. शब्द वाक्यात कसा बसतो, त्याच्या आधी-मागे काय येतं, हे व्याख्या वाचतानाच कळतं. ज्यांना व्याकरणाची लेबलं वाचायचा कंटाळा येतो त्यांना हा कोश ऑक्सफर्डपेक्षा जास्त मानवेल. अडचण साइटची आहे. एकाच पानावर कोबिल्ड, मग ब्रिटिश कोश, मग अमेरिकन कोश, मग उदाहरणं, मधूनमधून जाहिराती. मोबाइलवर कुठला अर्थ कुठल्या कोशातला हे लक्षात ठेवावं लागतं. कोबिल्ड सगळ्यात वर असतो. तेवढा वाचून थांबलं तरी चालतं.

मेरियम-वेब्स्टरकडे जायचं ते शब्दाच्या कुळासाठी. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला, आणि त्यामागे लॅटिनचा ‘इनिशियम’, म्हणजे आरंभ. म्हणजे ‘इनिशियल’ आणि ‘इनिशिएट’ हे त्याचे चुलतभाऊ. पण हा कोश वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, नाहीतर घोटाळा होतो. मेरियम-वेब्स्टर अर्थांचा क्रम इतिहासानुसार लावतो. सर्वांत जुना अर्थ पहिला. आज जो सर्वाधिक चालतो तो पहिला असेलच असं नाही. लर्नर्स कोशांची सवय असलेला माणूस इथे ‘पहिला अर्थ उचल’ हा नियम लावतो आणि कधीकधी दोनशे वर्षांपूर्वीचा अर्थ घेऊन बाहेर पडतो. ‘कमेन्समेंट’च्या बाबतीत नशिबाने तसं होत नाही, इतर शब्दांत होतं.

आणखी एक: ‘हा शब्द भारदस्त आहे’ हा इशारा इथे त्या शब्दाच्या नोंदीत शोधू नका. तो ‘बिगिन’च्या नोंदीखाली, समानार्थी शब्दांच्या टिपणात आहे. बिगिन, स्टार्ट आणि कमेन्स यांत फरक काय ते तिथे थोडक्यात आणि फार नेमकं सांगितलं आहे. बिगिनच्या विरुद्ध एंड, स्टार्टच्या विरुद्ध स्टॉप, आणि कमेन्स हा दोघांचा सुटाबुटातला भाऊ. मेरियम-वेब्स्टरचं ॲप फुकट आहे, जाहिराती सोसाव्या लागतात.

शेवटच्या दिवसाला ‘सुरुवात’ का म्हणतात

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं: ‘कारण आयुष्याची नवी सुरुवात होते.’ ऐकायला गोड आहे, भाषणात टाळ्याही मिळतात, पण शब्द तिथून आलेला नाही. मध्ययुगीन विद्यापीठांत मास्टर ही पदवी म्हणजे शिकवायचा परवाना होता. पदवी घेणारा त्या दिवशी औपचारिकपणे शिक्षकांच्या मंडळात दाखल होई आणि शिकवायला सुरुवात करी. लॅटिनमध्ये त्या विधीला ‘इन्सेप्शिओ’ म्हणत. केंब्रिजमध्ये त्याचं इंग्रजी नाव कमेन्समेंट झालं. पुढे हार्वर्ड स्थापन करणाऱ्यांत केंब्रिजमध्ये शिकलेली मंडळी होती, तेव्हा नावही अटलांटिक ओलांडून गेलं. हार्वर्डचं पहिलं कमेन्समेंट १६४२चं, नऊ विद्यार्थ्यांचं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये आजही हाच शब्द वापरतात, तिथे तो अनेकवचनी ‘कमेन्समेंट्स’ आहे. इंग्लंडमध्ये मात्र सर्वसाधारण बोलण्यात ‘ग्रॅज्युएशन’.

या इतिहासाच्या बाबतीत पाचही कोश तोकडे पडतात. मेरियम-वेब्स्टर धातूपर्यंत नेऊन सोडतो, विधीपर्यंत नेत नाही. पैसे भरून वापरायचा मोठा ऑक्सफर्ड इंग्रजी कोश हे काम करतो. ज्यांच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्याची वर्गणी भरली आहे त्यांनी तिथून पाहावा, एका शब्दासाठी घरी वर्गणी भरण्यात अर्थ नाही.

मराठी वाचकाला याचा जवळचा दाखला म्हणजे आनंदीबाई जोशी. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियातून त्यांना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, पंडिता रमाबाई तेव्हा हजर होत्या. तो दिवस त्या कॉलेजच्या कमेन्समेंटचा. त्या काळची इंग्रजी कागदपत्रं वाचताना हा शब्द दिसला आणि ‘कॉलेज सुरू झालं’ असं कोणी मराठीत उतरवलं, तर आनंदीबाईंचं शिक्षण संपायच्या जागी सुरू होतं. तारखांचा सगळा हिशेबच उलटा.

पालकांसाठी दोन-तीन गोष्टी, ज्या कुठल्याच कोशात नाहीत. अमेरिकेत ‘कमेन्समेंट’ म्हणजे समारंभ, ‘ग्रॅज्युएशन’ म्हणजे पदवीच्या अटी पूर्ण होणं. दोन्हींची तारीख एक असेलच असं नाही. झगा-टोपी घालून मंचावर जाणाऱ्याच्या हातात पुष्कळदा रिकामं कव्हर असतं. निकाल पक्के झाल्यावर पदवी बहाल केल्याची तारीख नोंदली जाते आणि प्रमाणपत्र नंतर पोस्टाने येतं. एखादा विषय राहिलेल्या विद्यार्थ्यालाही काही विद्यापीठं समारंभात चालू देतात. तेव्हा मंचावरचा फोटो हा पदवीचा पुरावा धरू नये. व्हिसाच्या कामात तर समारंभाच्या तारखेला शून्य किंमत आहे. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याची ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीची मुदत, विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या कागदावरच्या ‘प्रोग्रॅम एंड डेट’वरून मोजतात. अर्ज त्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून ते ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. कमेन्समेंट मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आहे म्हणून तिथपासून दिवस मोजायला घेतले तर मुदत हातची जाऊ शकते.

आणि ‘कन्व्होकेशन’ची गंमत वेगळीच. आपल्याकडे कन्व्होकेशन म्हणजे दीक्षांत किंवा पदवीदान समारंभ. अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत मात्र वर्षाच्या सुरुवातीला नव्या विद्यार्थ्यांचं जे स्वागत-संमेलन होतं त्याला कन्व्होकेशन म्हणतात. म्हणजे तिथे सुरुवातीला कन्व्होकेशन आणि शेवटी कमेन्समेंट. ऑगस्टमध्ये आलेलं कन्व्होकेशनचं आमंत्रण वाचून आईवडिलांनी तिकिटं काढायची घाई करू नये. मराठीत लिहिताना अमेरिकेतल्या कमेन्समेंटला ‘पदवीदान समारंभ’ हाच शब्द घ्यावा. शाळेचं असेल तर ‘पदवी’ बसत नाही. अमेरिकेत बारावीनंतरच्या समारंभालाही कमेन्समेंट म्हणतात, तिथे सरळ ‘शाळेचा निरोप समारंभ’ किंवा ‘प्रमाणपत्र वितरण’ म्हणावं.

कायदा आणि सीसी

इथे सर्वसाधारण इंग्रजी कोश अक्षरशः हात टेकतात. केंद्राच्या १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये कमेन्समेंटची व्याख्या आहे: कायदा ज्या दिवशी अमलात येतो तो दिवस. म्हणजे कायद्याच्या भाषेत हा शब्द ‘सुरू होण्याची क्रिया’ नसून एक तारीख आहे. आणि ती तारीख कायदा मंजूर झाल्याची नसते. माहितीचा अधिकार अधिनियम घ्या. काही कलमं लगेच लागू झाली, बाकीची अधिनियमित झाल्यापासून १२०व्या दिवशी, म्हणजे १२ ऑक्टोबर २००५ला. भारतीय न्याय संहितेला राष्ट्रपतींची संमती मिळाली डिसेंबर २०२३मध्ये, ती अमलात आली १ जुलै २०२४पासून, आणि तेव्हाही कलम १०६चं दुसरं उपकलम मागे ठेवलं गेलं. संविधानातही तेच. नागरिकत्वासारखी मोजकी कलमं २६ नोव्हेंबर १९४९लाच लागू झाली, उरलेली २६ जानेवारी १९५०ला, आणि अनुच्छेद ३९४ सांगतो की ‘संविधानाचा प्रारंभ’ म्हणजे ही दुसरी तारीख.

मराठी कायद्यांत यासाठी ‘प्रारंभ’ हा शब्द पक्का झाला आहे. पहिल्या कलमाचा मथळा ‘संक्षिप्त नाव, व्याप्ती व प्रारंभ’ या धाटणीचा असतो, आणि वाक्यात ‘अमलात येईल’ असं क्रियापद. इथे ‘सुरुवात’ लिहिणं चूक नाही, पण ते कायद्याच्या मजकुरात उपरं दिसतं. ‘शुभारंभ’ आणि ‘उद्घाटन’ तर अजिबात नको. पुलाचं उद्घाटन होतं, कलमाचं नाही.

आता जवळून एक नमुना पाहू. स्थावर संपदा अधिनियम, २०१६, म्हणजे आपला रेरा. कलम २मध्ये ‘कमेन्समेंट सर्टिफिकेट’ची व्याख्या दिली आहे: मंजूर नकाशाप्रमाणे काम सुरू करायला सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेला परवाना, त्याला नाव काहीही असो. लगेच पुढे कलम ३ म्हणतं की ‘या अधिनियमाच्या प्रारंभाच्या दिनांकास’ जे प्रकल्प चालू आहेत आणि ज्यांना पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नाही, त्यांनी तीन महिन्यांत नोंदणीसाठी अर्ज करावा. शब्द एकच. पहिल्या ठिकाणी तो विटा-सिमेंटचा परवाना आहे, दुसऱ्या ठिकाणी राजपत्रातली तारीख. त्यात हा कायदा तुकड्यांत अमलात आला, काही कलमं १ मे २०१६ला आणि उरलेली, त्यात कलम ३सुद्धा, १ मे २०१७ला. मग कलम ३मधला ‘प्रारंभ’ कुठला? उत्तर कलम १च्या परंतुकात आहे: ज्या कलमात उल्लेख असेल ते कलम ज्या दिवशी अमलात आलं तो दिवस. म्हणजे २०१७चा. कुठल्याही शब्दकोशात बघून हे उत्तर मिळणार नाही. कायद्याचा मजकूर हातात असेल तर ‘प्रारंभ’ हा शब्द दिसताक्षणी पहिलं कलम उघडायचं, तेवढा एकच रस्ता आहे.

बिल्डरकडचा सीसी याच शब्दाचा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली मिळणारा. मुंबईत आधी आयओडी म्हणजे अटींसह मिळणारी पहिली मंजुरी, मग सीसी, आणि शेवटी ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, असा क्रम. मराठीत याला ‘बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र’ म्हणतात. बोलताना मात्र सीसीच. ‘प्रमाणपत्र’ शब्दामुळे फसगत होते. वाटतं, काम पूर्ण झाल्याचं काहीतरी आहे. ते फक्त सुरू करायच्या परवानगीचं आहे. आणि ती परवानगीही बहुतेकदा टप्प्याटप्प्याने. पहिला सीसी पुष्कळदा जोत्यापर्यंतचाच असतो. जोतं तपासून झालं की वरच्या मजल्यांसाठी ‘फर्दर सीसी’ मिळतो. म्हणून ‘सीसी आहे’ एवढं ऐकून थांबू नये. कागदावर कुठली विंग, कितव्या मजल्यापर्यंत, कुठली तारीख, आणि सर्व्हे किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) क्रमांक करारातल्याशी जुळतो का, हे चार रकाने वाचावेत. दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट आणि सीसी जोत्यापर्यंत, तर आपल्या मजल्याला अजून परवानगी नाही, इतका साधा अर्थ आहे. मुदतही बघावी. अधिनियमाच्या कलम ४८नुसार परवानगी एक वर्ष चालते, पुढे वाढवून मिळते, पण वाढीव मुदत तीन वर्षांच्या पुढे नेता येत नाही. महारेराच्या साइटवर प्रकल्पाच्या पानावर अपलोड केलेला सीसी उघडून पाहता येतो, ब्रोकरने दाखवलेल्या झेरॉक्सवर भागवायचं कारण नाही.

हाच शब्द कंपनीच्या कागदांतही भेटतो. कंपनी कायद्याच्या कलम १०अ प्रमाणे भागभांडवल असलेल्या नव्या कंपनीने नोंदणीनंतर १८० दिवसांत ‘डिक्लरेशन ऑफ कमेन्समेंट ऑफ बिझनेस’ भरायचं असतं, फॉर्म आयएनसी-२०ए. त्याशिवाय धंदा सुरू करता येत नाही. विम्याच्या पॉलिसीवर तर दोन कमेन्समेंट असू शकतात: पॉलिसीचं आणि जोखमीचं. मोठ्या माणसाच्या बाबतीत दोन्ही तारखा बहुधा जवळजवळ असतात. लहान मुलांच्या काही पॉलिसींत जोखीम दोन-दोन वर्षं उशिरा सुरू होते. एजंट पहिली तारीख दाखवतो. दुसरी आपण शोधायची. आणि पीडब्ल्यूडीच्या निविदेत काम सुरू करायचा जो हुकूम निघतो त्याला मराठीत ‘कार्यारंभ आदेश’ असा सुरेख शब्द आधीपासून आहे. तिथे ‘कमेन्समेंट ऑर्डर’ लिहिणाऱ्यांची कीव येते.

मराठीकडून: शासनाचा शब्दकोश आणि मोल्सवर्थ

शासनाच्या ऑनलाइन शब्दकोशात भाषा संचालनालयाचे वेगवेगळे परिभाषा कोश एकत्र शोधता येतात. इंग्रजी शब्द टाका, मराठी पर्याय येतात, आणि प्रत्येक पर्याय कुठल्या कोशातून आला ते शेजारी दिसतं. हे शेजारचं नाव पर्यायापेक्षा महत्त्वाचं. शासन व्यवहार कोशातला शब्द कार्यालयीन टिपणीसाठी, न्याय व्यवहार कोशातला न्यायालयीन मजकुरासाठी, आणि एखाद्या शास्त्राच्या कोशातला त्याच शास्त्रापुरता. वर दिसला म्हणून पहिला पर्याय उचलणं, हीच चूक इथेही होते. सरकारी, कायद्याचं काही लिहायचं असेल तर या कोशाला पर्याय नाही, कारण छापील मराठी कायद्यांशी शब्द जुळतो. कमतरता उदाहरणांची आहे. शब्द मिळतो, वाक्य मिळत नाही. ‘प्रारंभ’ मिळाला, पण ‘प्रारंभाच्या लगतपूर्वी’ ही कायद्यातली घडण कळायला संविधानाचं मराठी भाषांतर उघडावं लागतं. दोन्ही खिडक्या शेजारी उघड्या ठेवून काम करणं सोयीचं.

मोल्सवर्थ हा या यादीतला वेगळ्या जातीचा कोश. जेम्स मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंचा, दुसरी आवृत्ती १८५७ची. खरं तर तो मराठी-इंग्रजी आहे, पण शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया या साइटवर त्याचा उलटा उपयोग करता येतो. शोध फक्त मुख्य शब्दांत करायचा की संपूर्ण नोंदीत, हे तिथे निवडता येतं. संपूर्ण नोंदीत ‘कमेन्समेंट’ टाका, म्हणजे ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात तो आला आहे ते सगळे शब्द समोर येतात. इंग्रजी-मराठी कोशात दोन-तीन पर्याय मिळतात, इथे पोतडीच उघडते. त्याच साइटवर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे, मराठीतून मराठीत अर्थ पाहायचा तर तो जोडीला घ्यावा.

पोतडी आहे म्हणून त्यातलं सगळं वापरायचं नाही. ‘उपक्रम’ हा शब्द तिथे सुरुवात या अर्थाने भेटतो, संस्कृतातही त्याचा तोच अर्थ. आजच्या मराठीत ‘शाळेचा उपक्रम’ म्हटलं की वृक्षारोपण किंवा स्वच्छता मोहीम डोळ्यांसमोर येते. ‘कायद्याचा उपक्रम’ लिहिलं तर वाचणारा गोंधळेल. ‘ओनामा’ आणि ‘श्रीगणेशा’ हे शब्द जिवंत आहेत, पण ते लेखात, बोलण्यात, कामाचा श्रीगणेशा करायला. ते निविदेत घालू नयेत. मोल्सवर्थचं एक लेबल मात्र फार कामाचं: शब्दापुढचं ‘एस’ म्हणजे संस्कृत, ‘पी’ म्हणजे फारसी, ‘ए’ म्हणजे अरबी. मजकूर किती जड करायचा, किती हलका, याचा अंदाज त्यावरून येतो.

पदवीदानासाठी मात्र मोल्सवर्थकडे जाऊ नका. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्याच १८५७ सालची. रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले ते १८६२मध्ये. ज्या समारंभाची मराठी माणसाला अजून ओळखच नव्हती, त्याचा शब्द त्या कोशात कुठून असणार?

यंत्रभाषांतराला मुद्दाम पाचांत घेतलं नाही. एकटा शब्द टाकला तर त्याला संदर्भ कळायचा कसा? पूर्ण वाक्य टाकून पाहावं, आणि उत्तरात ‘प्रारंभ समारंभ’, ‘प्रारंभ भाषण’ असं काही आलं की समजावं, अमेरिकेतलं पदवीदान भारतातल्या राजपत्रात शिरलं आहे.

शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी छापील खिशातला इंग्रजी-मराठी कोश घ्यायचाच असेल तर दुकानात उभं राहून हाच शब्द काढून बघा. ‘आरंभ, प्रारंभ, सुरुवात, उपक्रम’ अशी नुसती माळ असेल तर तो कोश परत ठेवा. पदवीदानाचा अर्थ वेगळ्या क्रमांकाने दिलेला, त्याच्यापुढे अमेरिकेचा उल्लेख, आणि निदान एक पूर्ण वाक्य, एवढं असेल तर घ्या. अक्षर किती बारीक आहे तेही तिथेच पाहा. खिशातल्या कोशांत ‘एम’ दोन आहेत की एक, हे बारीक अक्षरात दिसत नाही आणि मुलं स्पेलिंग चुकीचं पाठ करतात.